पलीकडच्या तीरावरचा मुक्काम

अतिथि या शब्दाची फोड आपल्याकडे शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असते. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. ही फोड व्याकरणाला कितपत धरून आहे याचा निवाडा शास्त्र्यांनीं करावा. परंतु ज्या लोकांनीं ती मनाशीं धरली त्यांच्या घरांत पाहुण्यासाठीं एक वळकटी नेहमीं बांधलेली असे, आणि आयत्या वेळीं आमटींत तांब्याभर पाणी वाढविण्यांत गृहिणीला संकोच वाटत नसे. हल्लींच्या प्रवासाची रीत याच्या अगदीं उलट आहे. आधीं तिथि, मग नांव, मग पैसे, आणि सर्वांत शेवटीं पाहुणा! दोन महिने अगोदर ज्यानें खोली राखून ठेवली त्याचें स्वस्तांत भागतें; जो आयत्या वेळीं दारांत उभा राहील त्याला दुपटी-तिपटीनें मोजावें लागतें.

याबद्दल हॉटेलवाल्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. खोली ही मंडईंतल्या पालेभाजीइतकी नाशवंत वस्तु आहे. रात्र गेली कीं तिचें मोल गेलें; आजची रिकामी खोली उद्यां विकतां येत नाहीं. म्हणून गिऱ्हाईक थोडें असेल त्या दिवशीं ती संध्याकाळच्या मेथीसारखी स्वस्त होते, आणि गर्दी असेल त्या दिवशीं तिला हात लावण्याची सोय राहात नाहीं. हा बाजाराचा न्याय झाला. परंतु शहर म्हणजे नुसता बाजार नव्हे. ज्याच्यापाशीं ठरलेली तिथीहि नाहीं आणि फारसे पैसेहि नाहींत, अशा माणसासाठीं एखादें शहर काय राखून ठेवतें यावरून त्या शहराची पारख करावी, असें मला जर्मनींतल्या कोलोन शहरीं काढलेल्या दोन रात्रींपासून वाटूं लागलें आहे.

प्रसंग असा होता. २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत मी आणि माझी थोरली बहीण आक्का, अशीं आम्ही दोघें जर्मनींत होतों. आक्काची नात आखेन येथें इंजिनिअरिंग शिकत होती. तिला भेटावें हा हेतु. आक्का वाईच्या एका शाळेंत ३० वर्षें शिक्षिका होती. त्या वेळीं तिचें वय ७६ वर्षांचें होतें, आणि निघतांनाच तिनें एक अट घातली होती. "विमानाचें भाडें जांवयांनीं दिलें, तेवढें पुष्कळ झालें. पुढचा माझा खर्च माझ्या पेन्शनींतून. मला कोणीं उपकार म्हणून हॉटेलांत नेऊन बसवायचें नाहीं." आतां पेन्शन रुपयांत मिळते आणि युरोंत खर्च होते, त्या महिन्यांत एका युरोला सुमारें ८८ रुपये मोजावे लागत. तेव्हां स्वस्त जागा शोधण्यांत काटकसरीचा प्रश्न आमच्यापुरता गौण होता. थोरल्या बहिणीचा मान तिच्याच पैशांत कसा राहील, हा खरा प्रश्न होता.

नातीच्या वसतिगृहांत पाहुण्याला तीन रात्रींपेक्षां अधिक राहूं देत नसत. परतीचें विमान सहाव्या दिवशीं. मधल्या दोन रात्री कोठें तरी काढणें भाग होतें, आणि कोठें काढायच्या हें आक्कानें लहानपणींच ठरवून ठेवलेलें होतें.

आमच्या वाईच्या घरीं माडीवरच्या फडताळांत एक रिकामी बाटली असे. तिच्यावर निळसर-सोनेरी कागद, आणि मोठ्या अक्षरांत ४७११ हा आकडा. १९५६ सालीं आमचा मधला भाऊ विषमज्वरानें आजारी पडला, तेव्हां डॉक्टरांनीं कपाळावर कोलन-वॉटरच्या घड्या ठेवण्यास सांगितलें होतें. आई कामांत असली कीं घड्या बदलण्याचें काम नऊ वर्षांच्या आक्काकडे येई. भाऊ सात वर्षांचा होता. तो राहिला नाहीं. मी तेव्हां पाळण्यांत होतों. त्याचा चेहरा मला आठवत नाहीं, आणि आईवडील गेल्यानंतर तो आठवणारी जगांत एकटी आक्काच उरली आहे. त्या बाटलीवर गांवाचें नांव छापलेलें होतें. "हें गांव कुठें आहे?" असें तिनें पुढें एकदां वडिलांना विचारलें, तेव्हां त्यांनीं नकाशा उघडून ऱ्हाईन नदीवर बोट ठेवलें. कोलोन पाहण्याची इच्छा तिनें एवढ्याच भांडवलावर सदुसष्ट वर्षें जपली होती.

आखेनहून कोलोनला आगगाडीनें तासाभरांत जातां येतें. अडचण वाटेची नव्हती. रोमन लोकांनीं इ. स. ५० मध्यें या गांवाला कोलोनिया, म्हणजे वसाहत, असा दर्जा दिला, आणि त्या शब्दाचें झिजत झिजत जर्मन लोकांच्या तोंडीं क्योल्न झालें. ज्या गांवाच्या नांवाचाच अर्थ वस्ती, तेथें वस्तीला जागा मिळूं नये, ही मौजच म्हणायची! परंतु आम्हांला जाणें प्राप्त होतें त्याच आठवड्यांत तेथें अनुगा नांवाचें खाद्यपदार्थांचें प्रचंड प्रदर्शन भरलें होतें. दर दोन वर्षांनीं, विषम सालच्या ऑक्टोबरांत, तें भरतें. साऱ्या जगांतले चहावाले, मसालेवाले, लोणींवाले तेथें जमतात. आपल्याकडचे व्यापारीहि पुष्कळ असतात. प्रदर्शनाचीं दालनें नदीच्या उजव्या तीरावर, डॉइट्स भागांत, १९२४ सालापासून आहेत. असा मेळा असला कीं गांवांतल्या खाटा कित्येक महिने अगोदर अडकून जातात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येणाऱ्या कार्निव्हलच्या दिवसांतहि हीच गत. एरवीं ऐपतींत बसणाऱ्या खोलीला त्या दिवशीं २०० ते ३०० युरो सांगत होते. फ्रँकफुर्ट, हानोव्हर, ड्युसेलडॉर्फ, कोलोन अशा प्रदर्शनांच्या शहरीं ज्याला जायचें असेल त्यानें पंचांगाच्या आधीं मेळ्यांची यादी पाहावी, एवढें येथें सांगून ठेवतों.

नात फोन घेऊन बसली. अशा वेळीं मार्ग तीन-चार असतात. एक, गांवाबाहेर उतरावें. बॉन हें शहर आगगाडीनें अर्ध्या तासावर आहे, आणि रात्रीं उशिरांपर्यंत गाड्या मिळतात. दोन, मेळ्याच्या दिवसांत कांहीं कुटुंबें आपल्या घरांतली एखादी खोली भाड्यानें देतात, ती शोधावी. तीन, मोठ्या देवळासमोरच प्रवाशांना माहिती देणारें कार्यालय आहे, तेथें जाऊन आयत्या वेळीं सुटलेली खोली विचारावी. कारण जेथें हजारों लोक येणार असतात तेथें कांहीं ना कांहीं लोक यायचे राहतातच. आणि चौथा मार्ग यूथ हॉस्टेलचा. नांव तरुणांचें असलें तरी तेथें वयाची अट नाहीं. सभासद मात्र असावें लागतें, आणि परदेशी पाहुण्याला तें तेथल्या तेथें होतां येतें. दुपारीं चारच्या सुमारास डॉइट्सच्या यूथ हॉस्टेलमधून निरोप आला कीं एका शाळेचीं कांहीं मुलें येणार नाहींत.

"आजी, जागा आहे," नात म्हणाली, "पण चौघींची खोली, आणि खाटा एकावर एक. मामाआजोबांना पुरुषांच्या खोलींत."

"एकावर एक म्हणजे आगगाडींतल्या फळ्यांसारख्याच ना?" आक्का म्हणाली. "त्यांवर मी कलकत्त्यापर्यंत गेलें आहें. किती पडतील?"

रात्रीला माणशीं ४२ युरो, सकाळचा फराळ धरून. आक्कानें मनांतल्या मनांत ८८ नें गुणिलें आणि मान हलविली.

या यूथ हॉस्टेलचा जन्म त्याच प्रांतांतला, आणि तोहि आयत्या वेळच्या अडचणींतूनच झालेला आहे. आल्टेना गांवच्या शाळेंत रिशार्ड शिरमान नांवाचा एक शिक्षक होता. मुलांना पुस्तकापेक्षां पायवाटेवर अधिक कळतें, असें त्याचें मत. १९०९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत तो आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायीं आखेनकडे निघाला असतां ब्र्योल नदीच्या खोऱ्यांत मोठें वादळ झालें. रात्र तोंडावर आलेली, मुलें भिजलेलीं, आसरा कोठें नाहीं. शेवटीं एका खेड्यांतल्या शाळेचा वर्ग त्यांना उघडून मिळाला आणि अंथरायला पेंढा मिळाला. बाहेर पाऊस कोसळत होता, मुलें झोपीं गेलीं होतीं, आणि शिक्षक जागा होता. सुटींत देशांतल्या सगळ्या शाळा रिकाम्या असतात. दर दिवसाच्या चालीच्या अंतरावर अशी एक शाळा वाटसरू मुलांना उघडी ठेवली तर? १९१० सालीं त्यानें ही कल्पना कोलोनच्याच एका वृत्तपत्रांतून लोकांपुढें मांडली. पुढें थोड्याच वर्षांत आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यांत पहिलें कायमचें यूथ हॉस्टेल उभें राहिलें आणि तेथून ती प्रथा जगभर गेली. नाझी राजवटीनें शिरमानला त्याच्या या कार्यापासून दूर केलें. पण कल्पना त्याच्याहून चिवट निघाली. ही हकीगत मीं आक्काला सांगितली तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "शिक्षक होता ना? मग त्याला मुलें मोजल्याशिवाय झोंप कशी येणार!"

खोलींत गेल्यावर प्रत्येकाच्या हातीं धुतलेली चादर, अभ्रा आणि पांघरुणाची खोळ देतात. अंथरूण आपलें आपण घालायचें आणि निघतांना काढून ठेवायचें, अशी तेथली रीत. आक्काला ही रीत इतकी पसंत पडली कीं तिनें शेजारच्या खाटेवरच्या मुलीलाहि चादरीचे कोपरे कसे दुमडावे तें दाखविलें. ती मुलगी लाइप्झिगची विद्यार्थिनी. तिला खालची खाट मिळालेली होती. आक्काकडे पाहून तिनें न विचारतां आपलें सामान वरच्या खाटेवर नेलें. माझ्या खोलींत एक पोलिश सुतार होता. प्रदर्शनांतले मांडव उभारण्याचें त्याचें काम. दहा दिवसांत आम्ही गांव वसवितों आणि दोन दिवसांत मोडतों, असें तो मोडक्या इंग्रजींत सांगत होता. मेळ्यामुळें ज्यांना जागा मिळत नाहीं त्यांत मेळा उभारणाराहि असतो, हें मला तेव्हां उमगलें.

जेवण आटोपून आम्ही नदीवर गेलों. कोलोनचा नांवाजलेला भाग डाव्या तीरावर आहे. तेथले जुने रहिवासी उजव्या तीराला आपल्या बोलींत 'शेल सिक' म्हणतात. शेल म्हणजे तिरळी. थोडक्यांत, डॉइट्स म्हणजे गांवाची तिरळी बाजू. पण गंमत अशी कीं गांवाचें पूर्ण रूप पाहायचें असेल तर या तिरळ्या बाजूलाच यावें लागतें. देवळाच्या पायथ्याशीं उभें राहिलें तर मान मोडेपर्यंत वर पाहूनहि शिखर नीट दिसत नाहीं. येथून मात्र देवळाचे दोन्ही मनोरे, थोर सेंट मार्टिन चर्चचा आडवा-दणकट बुरूज, होहेनत्सोलर्न पुलाच्या तीन कमानी आणि त्यांचें पाण्यांतलें थरथरणारें सोनें, हें सारें एका नजरेंत मावतें. त्याला तिकीट नाहीं. नदीकाठच्या रुंद पायऱ्यांवर शेंदोनशें माणसें बसलेलीं होतीं. त्यांत किंमती कपड्यांतले व्यापारी होते आणि आमच्यासारखे ४२ युरोंचे पाहुणेहि होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो पूल पायीं ओलांडला. १९०७ ते १९११ या काळांत बांधलेला हा पूल १९४५ च्या मार्चमध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेंच उडविला होता. मागाहून तो पुन्हां उभारला. त्याच्या जाळीवर प्रेमी जनांनीं नांवें कोरून अडकविलेलीं कुलपें इतकीं आहेत कीं खालचें लोखंड दिसत नाहीं. "किल्ल्या नदींत टाकतात," असें नातीनें सांगितलें. आक्का म्हणाली, "मग संसारांत चावी हरवली म्हणून तक्रार करायला नको."

पूल संपतो तेथेंच देऊळ. ११६४ सालीं मिलानहून तीन राजांच्या, म्हणजे बाल ख्रिस्ताला भेटावयास गेलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या, अस्थि येथें आणल्या गेल्या, आणि कोलोन हें मोठें क्षेत्र बनलें. शहराच्या निशाणावर आजहि तीन मुकुट आहेत. वाढत्या यात्रेला शोभेल असें देऊळ १२४८ सालीं बांधावयास घेतलें. सोळाव्या शतकांत तें अर्धवट राहिलें. दक्षिण मनोऱ्यावर दगड उचलण्याची लाकडी यारी तशीच शेंकडों वर्षें उभी राहिली आणि तीच गांवाची खूण होऊन बसली. १८४२ सालीं काम पुन्हां सुरू झालें आणि १८८० सालीं १५७ मीटर उंचीचे मनोरे पुरे झाले. मनोरा चढण्यास तिकीट होतें आणि ५३३ पायऱ्या होत्या. आम्हीं दोन्ही वांचविल्या. आंत जाऊन बसण्यास मात्र त्या दिवशीं कांहीं द्यावें लागलें नाहीं. सोन्याच्या मोठ्या पेटींत त्या अस्थि आहेत. त्या पेटीसमोर बसून आक्का म्हणाली, "म्हणजे हें आपलें पंढरपूरच. आठशें वर्षें लोक येताहेत, आणि कुणाची खोली आधीं ठरलेली होती?" या एका वाक्यानें माझ्या मनांतला आदल्या दिवशींचा सारा शीण गेला. आम्ही त्या गांवीं उपरे नव्हतों. त्या गांवाच्या जुन्यांतल्या जुन्या परंपरेला धरूनच आलों होतों.

परंतु ज्या गांवाची आपण पारख करीत आहों त्याची एकच बाजू सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जुन्या गल्ल्यांतून चालतांना फरसबंदींत जागोजाग पितळेचे दहा सेंटिमीटरचे चौकोन चमकतात. गुंटर डेम्निग या कलावंतानें १९९२ मध्यें कोलोनांतच या कामास आरंभ केला, आणि २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड बसले होते. प्रत्येक दगड एका माणसाचा. नाझींनीं ज्या घरांतून त्याला हांकलून नेलें त्या दारापुढें तो बसवितात. बहुतेकांवर पहिली ओळ एकच असते: येथें राहात होते. पुढें नांव, जन्मसाल, आणि कोठें नेलें त्या छावणीचें नांव. आम्ही ज्या तिरळ्या बाजूवर उतरलों होतों त्या बाजूचीं प्रदर्शनाचीं दालनेंच त्या काळीं कोंडवाडा झालीं होतीं. १९४० च्या मे महिन्यांत सिंती आणि रोमा कुटुंबें, आणि १९४१ च्या ऑक्टोबरपासून ज्यू कुटुंबें तेथें आणून ठेवलीं, आणि डॉइट्सच्या स्टेशनावरून पूर्वेकडे रवाना केलीं. शहरांतल्या एल-डे हाऊस नांवाच्या इमारतीच्या तळघरांत गुप्त पोलिसांच्या कोठड्या होत्या. आतां तेथें संग्रहालय आहे. एक-दोघांपुरत्या कोठडींत तीस-तीस माणसें कोंबलेलीं असत. भिंतींवर नखांनीं, खिळ्यांनीं, पेन्सिलींनीं कोरलेले सुमारें १,८०० लेख टिकले आहेत; ते अनेक भाषांतले आहेत. नात वाचून अर्थ सांगत होती. थोड्या वेळानें आक्कानें तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलें, "पुरे कर, बाळ. मला समजलें."

आणि युद्धानें मग त्या शहराचेंच छप्पर काढून घेतलें. जुनें गांव जवळजवळ सगळें कोसळलें. देऊळ बॉम्ब खाऊनहि उभें राहिलें. याच गांवीं जन्मलेल्या हाइनरिश ब्यॉल या कादंबरीकाराची १९५३ सालीं निघालेली एक कादंबरी आहे. तिच्यांत एका खोलीच्या संसारांत गुदमरलेला नवरा घर सोडतो आणि बायकोला अधूनमधून स्वस्त हॉटेलांत भेटतो. एका रात्रीच्या खोलीसाठीं पैसे उसने मागणाऱ्या त्या माणसाची आठवण मला तेथें वारंवार होत होती. स्वस्त निवारा ही चैनीच्या प्रवाशाची सोय आहे असें आपण समजतों. ज्या शहरानें तो एकदां लोकांपासून हिरावला आणि एकदां स्वतःहि गमावला, त्याला त्याचें मोल निराळें कळलेलें असावें.

शेवटीं आम्ही ग्लोकनगास, म्हणजे घंटेच्या गल्लींत गेलों. तेथें ४७११ चें दुकान आहे. कोलन-वॉटर तयार करणारें याहून जुनें घराणें गांवांत आहे. इटलीहून आलेल्या फारिनाचें. तें १७०९ सालापासूनचें. पण आक्काला आपला आकडा हवा होता. त्या आकड्याची हकीगत अशी कीं फ्रेंच सैन्यानें १७९४ सालीं शहर घेतल्यावर तेथल्या घरांना ओळीनें क्रमांक दिले गेले, आणि त्यांत या गल्लींतल्या घराच्या वांट्याला ४७११ आला. पुढें तोच मालाची खूण झाला. इतकीं वर्षें आम्हीं तो औषधाचा कांहीं तरी गूढ आकडा समजत होतों. तो एका घराचा पत्ता होता.

दुकानांत एक लहान कारंजें आहे. त्यांतून पाण्याऐवजीं कोलनच वाहतें. येणाऱ्यानें हात ओला करावा, कोणी कांहीं मागत नाहीं. आक्कानें पिशवींतून रुमाल काढला, त्याची चौपदरी लांबट घडी घातली, कारंज्यांत भिजविली आणि हलक्या हातानें पिळली.

"आजी, डोकें दुखतें आहे का?" नातीनें विचारलें.

"नाहीं ग. हात विसरला कीं काय तें पाहात होतें."

तिनें ती घडी कपाळाला लावली नाहीं. तशीच हातांत धरून ती बराच वेळ बांकावर बसली. त्या दुकानांत विकत घेण्यासारखें पुष्कळ होतें. तिनें कांहीं घेतलें नाहीं, आणि तिला तेथून कोणीं उठविलेंहि नाहीं.

आयत्या वेळीं गेलेल्या दोन म्हाताऱ्यांना त्या शहरानें काय दिलें, याची यादी फारशी लांब नाहीं. एक खालची खाट, एक धुतलेली चादर, नदीकाठच्या पायऱ्या, देवळांतला एक बांक, फरसबंदींतलीं नांवें आणि कारंज्यांतला ओंजळभर गंध. यांतल्या खाटेचे तेवढे पैसे पडले. बाकी सारें शहरानें कोणासाठीं म्हणून नव्हे, तर येईल त्याच्यासाठीं मांडून ठेवलें होतें. ज्याच्यापाशीं पैसा आहे त्याला उत्तम खोली कोठेंहि मिळते. तीवरून त्याला शहर कळत नाहीं, हॉटेल कळतें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आक्कानें आपली चादर काढून घडी केली आणि पेन्शनीच्या खर्चाच्या वहींत दोन रात्रींचे ८४ युरो मांडले. त्याखालीं तिनें 'कोलन' असा शब्द लिहिला, आणि पुढच्या रकान्यांत एक लहानशी आडवी रेघ ओढली.